पाटी लागली, रात्र कुठे आहे?

जून २०२३ मध्ये शिकागोच्या सिटी कौन्सिलने २०६, साउथ जेफरसन स्ट्रीट या पत्त्यावरच्या एका जुन्या औद्योगिक इमारतीला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. बाहेरून बघणाऱ्याला थांबावंसं वाटेल असं त्या इमारतीत काही नाही. पण १९७७ ते १९८२ या काळात तिथे 'वेअरहाउस' नावाचा क्लब चालत असे आणि फ्रँकी नकल्स नावाचा डीजे दर शनिवारी रात्री तिथे रेकॉर्ड वाजवत असे. आज जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांत नाचाचं जे 'हाउस' नावाचं इलेक्ट्रॉनिक संगीत वाजतं, त्याचं नाव या वेअरहाउसवरून पडलं. इमारत विकली गेली होती, तिला कसलंही संरक्षण नव्हतं आणि आजूबाजूला टॉवर उठत होते. म्हणून वारसाप्रेमींनी मोहीम उभारली आणि ती जिंकली.

तेव्हापासून मी या विषयावरचे वाद ऐकतो आहे. एक बाजू म्हणते, इमारत वाचली, म्हणजे इतिहास वाचला. दुसरी म्हणते, रात्री नाचायच्या जागेचा कसला आलाय वारसा; संगीत जगभर पोचलंय, विटा जपून काय होणार? आपल्याकडच्या लोकांत हा विषय निघाला तर दुसरी बाजू आणखी जोरात येते, कारण आपल्या कानात 'डीजे' म्हटलं की मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती वाजायला लागतात. मला वाटतं, दोन्ही बाजू चुकीच्या गोष्टीवर भांडताहेत. वेअरहाउसने शहराला जे दिलं ती एक रीत होती: ज्यांना दिवसा शहरात मानाची जागा नाही, त्यांना रात्री, परवडेल अशा पैशात, त्यांच्या अटींवर एकत्र येऊ देण्याची. ही रीत शिकागोने पुढे स्वतःच्या हाताने मोडली. इमारतीला दर्जा मिळाला याचा मला आनंद आहे. पण तेवढ्यावर 'वारसा जपला' असं म्हणायला मी तयार नाही.

त्या खोलीत येत कोण होतं, हे आधी सांगायला हवं. बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुण. इलिनॉय हे समलिंगी संबंधांना गुन्ह्यांच्या यादीतून काढणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य. तो कायदा १९६१ मध्ये झाला. तरी पोलिसांच्या धाडी थांबल्या नाहीत. आणि गोऱ्या समलिंगींच्या बारमध्येही कृष्णवर्णीय माणूस दारात आला की त्याच्याकडे एकाऐवजी दोन-तीन ओळखपत्रं मागितली जात. म्हणजे बहिष्कृतांच्या वस्तीतही आत-बाहेर होतंच. हे दुखणं मराठी वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही. अशा वेळी रॉबर्ट विल्यम्स या न्यूयॉर्कहून आलेल्या माणसाने सभासदांपुरता क्लब काढला आणि डीजे म्हणून न्यूयॉर्कच्याच फ्रँकीला बोलावून घेतलं. तिथे दारू विकत नसत. ज्यूस, पाणी, काहीबाही खायला. शनिवारी रात्री सुरू झालेला नाच रविवारी दुपारपर्यंत चाले. ज्यांना चर्चने दारातून परत पाठवलं त्यांचं हे चर्च आहे, अशा अर्थाचं फ्रँकी स्वतः म्हणत असे, आणि रविवारच्या सकाळी ते म्हणणं शब्दशः खरं होतं.

दारू न विकण्यामागे जसा स्वभाव होता तसा कायद्याचा हिशेबही होता. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मान्कुसो १९७० पासून स्वतःच्या राहत्या जागेत, फक्त निमंत्रितांसाठी, काही न विकता नाच भरवत होता. परवान्याच्या वादात शहराने त्याला खेचलं आणि तो जिंकला: जिथे खाणं-पिणं विकलं जात नाही, तिथे नाचाच्या जागेला लागणारा कॅबरेचा परवाना कशाला? त्या फटीतून पुढे कितीतरी खोल्या उघडल्या. संगीताच्या इतिहासात ठेक्यांची आणि यंत्रांची पानंच्या पानं असतात, या निकालाला मात्र एखादी ओळ मिळते. मला तो निकाल कुठल्याही ड्रम मशीनइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आता त्या काळाचं वातावरण बघा. १२ जुलै १९७९. शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये बेसबॉलचे दोन सामने होते. एका रेडिओ निवेदकाने आवाहन केलं होतं: डिस्कोची एक रेकॉर्ड घेऊन या आणि ९८ सेंटमध्ये आत या. दोन सामन्यांच्या मध्ये मैदानावर त्या रेकॉर्डचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला, हजारो लोक मैदानात घुसले आणि दुसरा सामना यजमान संघाला सोडून द्यावा लागला. त्या दिवशी तिथे प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा करत होता. त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे की लोकांनी आणलेल्या कितीतरी रेकॉर्ड डिस्कोच्या नव्हत्याच. त्या फक्त कृष्णवर्णीय गायकांच्या होत्या. त्याच शहरात, त्या मैदानापासून काही मैलांवर, त्याच आठवड्याच्या शनिवारी वेअरहाउस भरलेलं होतं. मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरवल्यावर नवी गाणी आटत गेली. मग फ्रँकीने जुनीच गाणी टेपवर कापून जोडली, नाचाचे तुकडे लांबवले, मधूनच आगगाडीचा आवाज सोडला. टंचाईतून ही कारागिरी आली. गावातल्या दुकानात गिऱ्हाईक 'वेअरहाउसमध्ये वाजतं ते' मागायला लागलं, दुकानदाराने तशा चिठ्ठ्या लावल्या आणि बोलता बोलता 'वेअर' गळून 'हाउस' उरलं. आणि तो व्हिन्स लॉरेन्स? १९८४ मध्ये जेसी सॉन्डर्सच्या नावाने निघालेल्या, हाउसच्या अगदी पहिल्या म्हणून गणल्या जाणाऱ्या रेकॉर्डच्या निर्मितीत त्याचा हात होता.

विरोधकांचा पहिला आक्षेप वजनदार आहे. ते म्हणतात, ही खोली नसती तरी हे संगीत झालंच असतं. स्वस्त सिंथेसायझर बाजारात आलेच होते, न्यूयॉर्कमध्ये लॅरी लेव्हॅन हा डीजे 'पॅरडाइज गराज' या क्लबात जवळपास हेच करत होता, काळच तसा होता. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. एका माणसाने एका खोलीत एक संगीतप्रकार शोधला, असं कधीच होत नसतं. पण यंत्राने संगीत घडतं या दाव्याला उत्तर आपल्या मुंबईतच आहे. १९८२ मध्ये चरणजित सिंग या हिंदी चित्रपटसंगीतात वादन करणाऱ्या कलाकाराने रोलंड कंपनीचं टीबी-३०३ हे बेस वाजवणारं छोटं यंत्र आणि त्याच कंपनीचं ड्रम मशीन घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. आज ते ध्वनिमुद्रण ऐकलं की अंगावर काटा येतो, कारण शिकागोत १९८७ मध्ये ज्याला 'अॅसिड हाउस' म्हटलं गेलं त्याच्याशी त्याचं विलक्षण साम्य आहे. तेच यंत्र, पाच वर्षं आधी, भैरव आणि ललत. मग 'अॅसिड हाउस'चा जन्म मुंबईत का झाला नाही? ती रेकॉर्ड आली, फारशी खपली नाही आणि विसरली गेली. जवळजवळ तीन दशकांनी बाहेरच्यांनी ती पुन्हा बाजारात आणली तेव्हा आपल्याला तिचा पत्ता लागला.

आता शिकागोत काय झालं ते बघा. फ्रँकी १९८२ मध्ये वेअरहाउस सोडून गेल्यावर त्याच रॉबर्ट विल्यम्सने 'म्युझिक बॉक्स' काढलं आणि तिथे रॉन हार्डी वाजवायला लागला. 'फ्यूचर' नावाच्या तीन पोरांच्या गटाने जुन्या बाजारातल्या टीबी-३०३ वर काही विचित्र किंचाळणारे आवाज काढले आणि ती टेप हार्डीला नेऊन दिली. गोष्ट अशी सांगतात की पहिल्यांदा ती वाजली तेव्हा लोक नाचायचे थांबले. हार्डीने त्याच रात्री ती पुन्हा लावली, आणखी एकदा लावली, आणि चौथ्या वेळी लोक बेभान झाले. एकाच रात्रीत तेच गाणं चार वेळा ऐकून घेणारी माणसं, आणि ते लावायची मुभा असलेला माणूस: हे ज्या खोलीत होतं तिथे संगीतप्रकार जन्मला. मुंबईत यंत्र होतं, प्रतिभा होती, राग होते. ती खोली नव्हती.

दुसरा आक्षेप वास्तूबद्दलचा. पाच वर्षं चाललेला क्लब. इमारतीत वास्तुशास्त्राच्या दृष्टीने विशेष काही नाही. मग शहराने मालकाचे हात का बांधावेत? याचं उत्तर मँचेस्टरने देऊन ठेवलंय. तिथला 'हासिएंडा' हा क्लब १९८२ मध्ये सुरू झाला, १९९७ मध्ये बंद पडला आणि काही वर्षांत ती इमारत पाडून तिथे फ्लॅट बांधले. फ्लॅटच्या इमारतीला नाव दिलं 'हासिएंडा'च. जागा गेली की नाव विकायला मोकळं होतं. त्यापेक्षा जेफरसन स्ट्रीटच्या विटा उभ्या राहिल्या हे शंभर पटीने बरं. निदान कोणीतरी तिथे थांबून विचारेल की इथे काय होतं. म्हणून इमारत वाचवणाऱ्यांशी माझं भांडण नाही. मात्र वाचवून झाल्यावर ते थांबले, याचं मला वाईट वाटतं.

कारण तिसरा आक्षेप अजून बाकी आहे आणि तो सर्वांत कठीण आहे. असल्या जागा धोकादायक असतात. हे खरं आहे आणि ते टाळून या विषयावर लिहिणं मला अप्रामाणिक वाटतं. २०१६ च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये गोदामात राहणाऱ्या कलाकारांच्या जागेत संगीताचा कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि ३६ जण गेले. शिकागोतच फेब्रुवारी २००३ मध्ये एका नाइट क्लबच्या जिन्यात चेंगराचेंगरी होऊन २१ माणसं मेली. आणि २८-२९ डिसेंबर २०१७ ची रात्र: लोअर परळच्या कमला मिल्सच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग, १४ मृत्यू. ज्याच्या घरातलं माणूस अशा रात्री परत आलं नाही, त्याच्यासमोर संस्कृतीच्या गप्पा कोण मारणार? शेजाऱ्यांची झोप, नशेचे पदार्थ, एकट्याने पहाटे घरी परतणाऱ्या मुली, हे प्रश्नही खोटे नाहीत.

पण या तीन दुर्घटना नीट वाचा. शिकागोच्या त्या क्लबचा वरचा मजला वापरू नये असा न्यायालयाचा आदेश आधीच होता. तो पाळला गेला नाही आणि कोणी पाळून घेतला नाही. कमला मिल्समधला पब काही लपूनछपून चालणारा नव्हता. श्रीमंत वस्तीतला, महागडा, सगळ्यांना दिसणारा होता. धोका कुठून आला? नियम मोडून बांधलेल्या छतांतून, अडवलेल्या वाटांतून, डोळेझाक करणाऱ्या तपासणीतून. 'अंडरग्राउंड' असण्यातून तो आला असं म्हणता येणार नाही. आणि ओकलंडचा धडा तर उलटच आहे. ज्यांना परवाना मिळणं शक्य नसतं ते अंधारात जातात, आणि अंधारातल्या जिन्याची कोणी तपासणी करत नाही. मग अशा वेळी शहरं काय करतात? १९८७ च्या सुमारास शिकागोने नियम केला की दारू न विकणाऱ्या ज्यूस बारनीही दारूच्या बारइतक्याच वेळी बंद व्हावं. ज्या फटीतून वेअरहाउस उभं राहिलं होतं, नेमकी तीच फट बुजवली. म्युझिक बॉक्सही त्याच सुमारास बंद पडलं. पुढे २००० मध्ये विनापरवाना रेव्ह पार्ट्यांबद्दल जागेचा मालक, आयोजक आणि डीजे यांनाही जबाबदार धरणारा कायदा आला. या नियमांनी एकतरी जिना रुंद झाला का? बाहेर पडायची एक जादा वाट झाली का? ज्या शहराने ही दारं लावली त्याच शहराने २००४ मध्ये जेफरसन स्ट्रीटच्या त्या तुकड्याला फ्रँकीचं नाव दिलं आणि २०२३ मध्ये इमारतीला दर्जा दिला. हात तेच आहेत.

नाचावरचे नियम बहुतेक वेळा आगीबद्दल नसतात. ते कोण नाचतंय याबद्दल असतात. न्यूयॉर्कने १९२६ मध्ये कॅबरे कायदा केला. परवान्याशिवाय नाच बंद. हार्लेममधल्या जॅझ क्लबांत गोरे-काळे एकत्र नाचतात याची ती भीती होती. तो कायदा रद्द व्हायला २०१७ उजाडलं. दूर कशाला जायचं? २००५ मध्ये महाराष्ट्राने डान्स बार बंद केले तेव्हा तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेलं, जिमखाने, क्लब यांना सूट ठेवली होती. तोच नाच; छोट्या बारमध्ये अनैतिक आणि मोठ्या हॉटेलात मनोरंजन. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नेमक्या या भेदभावावर बोट ठेवलं. डान्स बारमध्ये शोषण होतं, वेअरहाउससारखी ती बरोबरीच्यांची जागा नव्हती, हे मला ठाऊक आहे आणि दोन्ही एकाच मापाने मोजायचा माझा हेतू नाही. मला दाखवायची आहे ती सरकारची सवय: आधी वर्ग बघायचा, मग नीती ठरवायची.

आणि शेवटी पैसा. वेअरहाउस ज्या भागात उभं राहिलं तो तेव्हा ओस पडत चाललेला कारखान्यांचा भाग होता. भाडं स्वस्त, रात्री तक्रार करायला कोणी शेजारी नाही. बर्लिनमध्ये १९८९ ला भिंत पडल्यावर पूर्वेकडे कितीतरी इमारती बेवारस होत्या. त्यातल्याच एका पडक्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीत मार्च १९९१ मध्ये 'ट्रेझोर' सुरू झालं. नावाचा अर्थच तिजोरी. २००५ मध्ये जमीन विकली गेली तेव्हा ते बंद पडलं आणि दोन वर्षांनी एका जुन्या वीजकेंद्रात पुन्हा उघडलं. म्हणजे उद्योग निघून गेला की शहरात काही वर्षं एक पोकळी राहते, आणि नवं संगीत त्या पोकळीत वाढतं. मुंबईच्या पदरात ही पोकळी अशा आकारात पडली होती की जगाने हेवा करावा. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार त्यात होते, आणि पुढच्या वर्षांत मैलभर लांबीच्या शेड रिकाम्या होत गेल्या. गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे, एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला, असं सूत्र १९९१ च्या नियमात होतं. २००१ मध्ये ते असं बदललं की लोकांच्या हाती फार थोडं आलं. लालबागच्या हनुमान थिएटरात पाळी संपवून तमाशाला बसणारा गिरणगाव रात्र कशी जगायची हे जाणत होता. त्याच्या पोरांना एक रिकामी शेड शनिवारी रात्री मिळाली असती तर तिथून कुठला ठेका निघाला असता, या विचाराने मला खरोखर हळहळ वाटते. जानेवारी २०२० मध्ये सरकारने मुंबईची रात्र खुली केली ती मॉलसाठी आणि गिरण्यांच्या आवारांसाठी, म्हणजे ज्या शेडमध्ये आता जेवणाचं बिल कामगाराच्या आठवड्याच्या कमाईएवढं होतं तिथे.

माणूस गेल्यावर त्याचा गौरव करणं सोपं असतं, हे महाराष्ट्राला विठाबाई नारायणगावकरांनी शिकवायला हवं होतं. राष्ट्रपतींकडून दोनदा, १९५७ आणि १९९० मध्ये, सन्मान मिळालेली ही तमाशाची राणी २००२ मध्ये गेली तेव्हा दवाखान्याच्या बिलासाठी वर्गणी काढावी लागली होती. चार वर्षांनी राज्य सरकारने तिच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार चांगला आहे, तो मिळालेले कलावंतही मोठे आहेत. पण फडांना उतरायला जागा, रात्री उशिरापर्यंत वगनाट्य चालवायची मुभा, पोरांच्या शाळेची सोय, या मागण्या पुरस्काराच्या कार्यक्रमाबाहेर उभ्याच असतात. वेअरहाउसच्या पिढीचंही तसंच झालं. त्यातली किती माणसं ऐंशीच्या दशकात एड्सने नेली. रॉन हार्डी १९९२ मध्ये गेला. फ्रँकी २०१४ मध्ये. संगीताचा पैसा तोवर युरोपातल्या मैदानांवर आणि स्पेनच्या इबिझा बेटाच्या किनाऱ्यांवर पोचला होता.

मग करायचं काय? वाटा माहीत आहेत. इंग्लंडने २०१८ पासून नियोजनाच्या धोरणातच घातलं आहे की आधीपासून चालू असलेल्या संगीताच्या जागेशेजारी नवे फ्लॅट बांधायचे तर आवाज अडवायची सोय बांधणाऱ्याने करावी. नंतर आलेल्यांमुळे क्लबवर अवाजवी बंधनं येऊ नयेत. जर्मनीच्या संसदेने २०२१ मध्ये ठराव केला की संगीताचे क्लब जुगाराच्या अड्ड्यांच्या रांगेत न बसवता नाट्यगृहांसारख्या सांस्कृतिक जागांत मोजावेत. आणि शिकागोतच दक्षिण भागात थिएस्टर गेट्स या कलाकाराने महापालिकेकडून एका डॉलरला घेतलेली, पाडायला निघालेली जुनी बँक दुरुस्त करून २०१५ मध्ये उघडली. फ्रँकीच्या रेकॉर्डचा संग्रह आज तिथे आहे. त्या काचेआड ठेवून संपवलेल्या नाहीत. लोक जमतात आणि त्या वाजतात.

शिकागोच्या कौन्सिलने किंवा मुंबई महापालिकेने उद्या एक साधा परवाना काढावा. दारू विकायची नाही. दोन वाटा कायम मोकळ्या, माणसांची मोजदाद दारातच, अग्निशमन दलाची तपासणी वर्षातून दोनदा आणि न सांगता. भिंतीबाहेर आवाज ठरल्या मापाच्या वर जाता कामा नये. या बदल्यात शनिवारच्या रात्रीपासून रविवारच्या दुपारपर्यंत दार उघडं ठेवायची मुभा, आणि शुल्क इतकं की विशीतल्या चार मुलांना वर्गणी काढून भरता यावं. रॉबर्ट विल्यम्स १९७७ मध्ये जे घेऊन आला होता ते याहून फार वेगळं नव्हतं. यात कुणाला काय अडचण वाटते, हे मला सभागृहात, नावानिशी ऐकायचं आहे.